शके १२१८ : देवगिरी, आळंदी आणि त्या वर्षीचं बाकीचं जग (इ.स. १२९६)

पैठणवाट | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, आठवीतली. तिला देवगिरी दाखवायला नेलं. अंधारी चढून वर आलो, बारादरीत टेकलो, पाण्याची बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात तिने विचारलं, "मामा, अल्लाउद्दीन इथे आला तेव्हा ज्ञानेश्वर महाराज होते का?"

मी अडलो. रामदेवराय यादव, अल्लाउद्दीनची स्वारी, मिठाच्या गोण्या, सगळं पाठ. माऊलींची समाधी शके १२१८, तेही पाठ. पण ही दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलीच नव्हती. लहानपणच्या पुस्तकात स्वारीचं साल १२९४ होतं, तेच डोक्यात बसलेलं. घरी येऊन चार दिवस त्यामागे लागलो आणि आता तिला उत्तर देता येतं: होते. त्याच वर्षी होते.

क्रम असा लागतो. अल्लाउद्दीन तेव्हा कडा प्रांताचा सुभेदार. हे कडा म्हणजे प्रयागराजच्या वरच्या अंगाला, गंगेकाठी. सुलतान जलालुद्दीन हा त्याचा चुलता आणि सासराही. फेब्रुवारी १२९६च्या शेवटी अल्लाउद्दीन कड्याहून निघाला. दिल्लीला खबर दिली नाही. चंदेरीकडे जातो असं भासवलं. वाटेत अचलपूरला मुक्काम केला आणि चुलत्याशी बिनसलंय, तेलंगणात नोकरी शोधायला चाललोय अशी आवई उठवली. फौज किती? फारसी इतिहासकारांपैकी फरिश्ता आठ हजार स्वार सांगतो, बरनी त्याहून कमी.

देवगिरीचं मुख्य सैन्य त्या वेळी युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. रामदेवराय हाताशी होते तेवढे लोक घेऊन लढला आणि मागे हटून किल्ल्यात गेला. खालचं शहर उघडं पडलं. पेठ लुटली, व्यापारी आणि ब्राह्मण धरले, पागेतले घोडे नेले. तह ठरत आला होता, इतक्यात शंकरदेव परतला. बापाने नको म्हटलेलं असताना त्याने लढाई दिली आणि अल्लाउद्दीनची फौज हटायलाही लागली. किल्ल्याच्या वेढ्यावर हजार स्वार घेऊन मलिक नुसरत बसवलेला होता. तो वेढा सोडून दौडत आला. उठलेला धुरळा पाहून यादवांच्या लोकांना वाटलं, दिल्लीची मोठी फौज आली. जिंकत आलेली लढाई तिथे फिरली.

मग ते मीठ. वेढा पडायच्या गडबडीत कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या धान्य समजून वर चढवल्या होत्या. उघडून पाहिल्या तर मीठ. फरिश्ता हे तीनशे वर्षांनी लिहितो, त्यामुळे शब्दशः धरू नका. पण देवगिरीच्या कड्यावर उभं राहून खाली पाहिलं की डोळ्यांपुढे येतं: कोठाराचा पहिला माणूस गोणीत हात घालतो, बाहेर काढतो, बोट जिभेला लावतो.

दुसरा तह पहिल्यापेक्षा कितीतरी महाग पडला. फरिश्त्याचा आकडा ६०० मण सोनं, ७ मण मोती, २ मण रत्नं, १००० मण चांदी, ४००० रेशमी वस्त्रं, वर अचलपूरचा महसूल. (तेव्हाचा दिल्लीचा मण आपल्या चाळीस शेरी मणाहून बराच लहान होता.) सगळं आटोपून अल्लाउद्दीन जूनच्या सुरुवातीला कड्याला परत.

जुलैत जलालुद्दीन पुतण्याला भेटायला गंगेतून नावेने आला. रमजान चालू, पावसाळ्याने नदी फुगलेली. बरोबरच्या लोकांची हत्यारंसुद्धा काढून ठेवायला लावली होती. बरनी सांगतो की म्हातारा नावेत कुराण वाचत बसला होता. काठावर पुतण्या पायावर पडला, त्याने त्याला उठवून गालाचा मुका घेतला, तो बोलत असतानाच इशारा झाला आणि तलवार चालली. जखमी सुलतान नावेकडे पळाला, पण पोचू दिला नाही. मुंडकं भाल्यावर लावून फिरवलं. पुढे दिल्लीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला मंजनीकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, सोन्याचे तारे गर्दीवर उधळले. देवगिरीच्या पेठेतलं, आपल्या सराफांनी पारखलेलं सोनं.

२१ ऑक्टोबर १२९६ रोजी अल्लाउद्दीन दिल्लीत रीतसर सुलतान झाला. आणि कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे गुरुवार, २५ ऑक्टोबर १२९६ रोजी माऊली आळंदीला समाधिस्थ झाले. मध्ये फक्त चार दिवस.

एक साल आपण इतिहासाच्या वहीत लिहिलं, दुसरं संतचरित्राच्या. ती माणसं मात्र एकाच वर्षात जगत होती, त्याच पावसात भिजत होती. मला या धाग्यात ते वर्ष अख्खं पाहायचंय. देवगिरी-आळंदीबद्दल लिहाच, पण त्याच वर्षी बाकी जगात राजे आणि धर्मगुरू काय करत होते, तेही लिहा.

घाटमाथा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सुरेख लेख. पण १२९४ सोडायला मन तयार होत नाही. आमच्या घरी आजोबांची जुनी पुस्तकं आहेत, त्यांत सगळीकडे १२९४. हा दोन वर्षांचा फरक आला कुठून? आणि १२९६ नक्की कशावरून?

तिथीवार | १२ नोव्हेंबर, रात्री ११:५२

घाटमाथा, १२९४ हे फरिश्त्याच्या वाटेने आलं. त्याचं फारसी पुस्तक इंग्रजांनी आधी भाषांतरित केलं, त्यावरून त्यांनी इतिहास लिहिले आणि तिथून ते साल मराठी पुस्तकांत उतरलं. अमीर खुसरो मात्र त्याच काळातला, दरबारातला माणूस. तो कड्याहून निघाल्याची तारीख देतो १९ रबिउल आखिर ६९५ आणि परतल्याची २८ रज्जब ६९५. सुलतानाचा खून १७ रमजान ६९५, दिल्लीतलं राज्यारोहण २२ जिल्हेज ६९५. सगळं एकाच हिजरी वर्षात, एकाला लागून एक. देवगिरी दोन वर्षं मागे ढकलली तर अल्लाउद्दीन एवढी लूट घेऊन दोन वर्षं कड्यात बसून राहिला आणि दिल्लीला पत्ता लागला नाही, असं मानावं लागेल. ते पटत नाही.

आता आकडेमोड करू, मला यातच गोडी आहे. हिजरी ६९५ सुरू होतं साधारण १० नोव्हेंबर १२९५ला. महिने आलटून पालटून ३० आणि २९ दिवसांचे. मोजत गेलं की १९ रबिउल आखिर येते २५ फेब्रुवारी १२९६च्या आसपास, १७ रमजान १९ जुलैला, २२ जिल्हेज २१ ऑक्टोबरला. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो सोडून द्या.

समाधीची तिथी वेगळ्या बाजूने तपासता येते. शकात १२ मिळवा आणि ६०ने भागा, उरलेली बाकी हा संवत्सराचा क्रमांक. १२१८ अधिक १२ म्हणजे १२३०, बाकी ३०. तिसावा संवत्सर दुर्मुख. परंपरेत दुर्मुखच सांगतात. वार गुरुवार सांगतात, आणि जुन्या ज्युलियन पंचांगाने २५ ऑक्टोबर १२९६ला गुरुवारच येतो, मी स्वतः मोजला.

आणखी एक ताळा. हिजरी महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे आपल्या शुद्ध द्वितीयेच्या सुमाराला. तेव्हा २२ जिल्हेज ही आपल्या वद्य अष्टमी-नवमीच्या आसपास पडणार. तिथून वद्य त्रयोदशी चार-पाच दिवसांवर. पैठणवाट यांनी चार दिवस म्हटलंय ते दोन्ही पंचांगांनी जमतं. दिल्लीत मुकुट चढला तेव्हा आकाशात जो चंद्र उतरणीला लागला होता, तोच इंद्रायणीवर होता.

घाटमाथा | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

दंडवत घ्या. आजोबांच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने १२९६ लिहून ठेवतो.

ओवीताई | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

पैठणवाटदादा, तुमच्या भाचीच्या प्रश्नाला माझ्याकडूनही थोडी भर.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी माऊलींनी स्वतःच राजाचं नाव घातलंय. शके १२१२ला, म्हणजे १२९०त, नेवाशाला टीका पूर्ण झाली, तेव्हा राज्य कोणाचं, तर श्रीरामचंद्राचं, म्हणजे आपल्या रामदेवरायाचं. 'यदुवंशविलास' म्हणतात त्याला, सगळ्या कलांचं घर म्हणतात, न्यायाला पोसणारा राजा म्हणतात. हे काही दरबारी कवीने बिदागीसाठी लिहिलेलं नाही. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्यातल्या एकाने लिहिलेलं आहे. म्हणून मला त्या शब्दांचं मोल फार वाटतं. नेवाशापासून देवगिरी साठ-सत्तर किलोमीटर. राजा कसा आहे ते तिथल्या माणसांना रोजच्या जगण्यातून कळत असणार.

त्याच राजाचं नाव पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखातही आहे. शके ११९५ ते ११९९ या काळात विठ्ठलाच्या देवळाला ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची ती यादी. त्यात रामचंद्रदेव आहे, हेमाद्री पंडित आहे, आणि त्यांच्याबरोबर साधीसुधी माणसंही आहेत. राजाची देणगी आणि गावकऱ्याची देणगी एकाच दगडावर.

आता १२९० आणि १२९६ शेजारी ठेवा. ग्रंथात ज्याला न्यायाचा पोशिंदा म्हटलं, तो सहाच वर्षांत किल्ल्यावर कोंडला गेला आणि प्रजेची पेठ त्याच्या डोळ्यांदेखत लुटली गेली. ग्रंथ लिहिणारा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच्यापर्यंत बातमी पोचली नसेल असं मला वाटत नाही. पैठणला, आपेगावला, नेवाशाला त्यांची माणसं होती.

साधा वारकरी | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:१८

ताई, दादा, लेख चांगला आहे, पण एक विनंती. माऊलींची समाधी आणि ही स्वारी यांची गाठ मारू नका. मागे कुठेतरी वाचलं होतं की पुढचं संकट दिसलं म्हणून माऊलींनी समाधी घेतली. आम्हाला ते वाचवत नाही. अवतारकार्य पूर्ण झालं म्हणून ते बसले. गीतेवरची टीका झाली, अनुभवामृत झालं, चांगदेवांना उपदेश झाला, नामदेवरायांबरोबर तीर्थयात्रा झाली. काही करायचं उरलंच नव्हतं.

पैठणवाट | १३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

माऊली, तुमचं म्हणणं रास्त आहे. कार्यकारणाची गाठ मी मारलेली नाही आणि कोणी मारू नये. तिला पुरावा नाही. समाधीच्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग मी या चार दिवसांत पुन्हा वाचले. त्यांत इंद्रायणी आहे, निवृत्तिनाथांनी हात धरून आत नेलेलं आहे, सोपान-मुक्ताईचा आकांत आहे. देवगिरीचं नाव मला कुठे दिसलं नाही.

पण ते नाव नाही, हेच मला जास्त बोलकं वाटतं. राजधानी लुटली गेली त्याच वर्षी या लोकांनी मनात काय जपलं? एका एकवीस वर्षांच्या मुलाचं जाणं. तेच पिढ्यानपिढ्या गायलं. देवगिरीची हकीगत आपल्याला फारसी लेखकांकडून घ्यावी लागते आणि आळंदीची आपल्या आजीकडून मिळते.

उत्तरेचा वारा | १४ नोव्हेंबर, पहाटे ३:२० (तुमच्याकडची वेळ)

मी एडिंबराला राहतो. हे वर्ष वाचलं आणि झोप उडाली, कारण इथे १२९६ म्हटलं की शाळेतल्या मुलालाही कळतं.

अल्लाउद्दीन विंध्याच्या आसपास असेल, त्याच दिवसांत, ३० मार्च १२९६ला, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड बेरिक या बंदरावर चालून आला. स्कॉटलंडचं हे तेव्हाचं सगळ्यात श्रीमंत व्यापारी शहर, लोकरीचं. शहर पडलं आणि मग कत्तल झाली. २७ एप्रिलला डनबारला स्कॉटिश फौज मोडली. जुलैत राजा जॉन बेलियल याला पदत्याग करायला लावला आणि त्याच्या अंगरख्यावरचं राजचिन्ह फाडून काढलं. 'रिकामा अंगरखा' असं त्याचं टोपणनाव इथे आजही चालतं. ऑगस्टच्या २८ तारखेला त्याच बेरिकला स्कॉटलंडच्या दीड हजारांहून अधिक जमीनदार-धर्माधिकाऱ्यांकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेतल्या.

मला जास्त सांगायचंय ते दगडाबद्दल. स्कोन नावाच्या मठात एक वालुकाश्म होता, त्यावर बसवून स्कॉटलंडच्या राजाला राजेपण देत. एडवर्डने तो उचलून लंडनला वेस्टमिन्स्टरच्या चर्चमध्ये नेला आणि सिंहासनाच्या लाकडी खुर्चीत, बैठकीखाली बसवला. पुढे इंग्लंडचे राजे त्यावर बसून मुकुट घालत राहिले. तो दगड १९९६ साली स्कॉटलंडला परत आला, बरोबर सातशे वर्षांनी. आता पर्थच्या संग्रहालयात आहे. मी आईबाबांना घेऊन गेलो होतो. अगदी साधा दगड, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या. आई म्हणाली, "सोनं नेलं तर मोजता येतं रे, हे कसं मोजायचं?"

आणि बेरिकचं रेल्वे स्टेशन. एडिंबराहून लंडनला जाणारी गाडी तिथे थांबते. ज्या किल्ल्याच्या मोठ्या दालनात १२९२ साली एडवर्डने बेलियलच्या बाजूने निवाडा दिला, ते दालन आज जिथे फलाट आहे तिथे होतं. किल्ला पाडून रूळ टाकले. चहाचा कप हातात घेऊन माणसं तिथे उभी असतात.

ओवीताई | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

दफ्तरी | १४ नोव्हेंबर, दुपारी १:४५

या वर्षाची धर्माची बाजू युरोपात फार तापलेली होती. तिथला तंटा मला आपल्या लोकांना नीट सांगावासा वाटतो.

रोमच्या गादीवर आठवा बोनिफेस. त्याने फेब्रुवारी १२९६च्या शेवटी एक फर्मान काढलं. म्हणजे अल्लाउद्दीन कड्याहून निघत होता जवळजवळ त्याच दिवशी. फर्मान त्याच्या पहिल्या दोन लॅटिन शब्दांवरून ओळखतात, 'क्लेरिसिस लाइकोस'. सुरुवातच अशी की प्रापंचिक लोक धर्माधिकाऱ्यांचे वैरी असतात हे पूर्वीपासून दिसत आलंय. आज्ञा अशी: पोपच्या परवानगीशिवाय कोणत्याही राजाने चर्चकडून कर घेऊ नये. घेणारा बहिष्कृत, आणि देणारा धर्माधिकारीही बहिष्कृत.

कारण काय? इंग्लंडचा एडवर्ड आणि फ्रान्सचा चौथा फिलिप एकमेकांशी लढत होते आणि दोघांनीही खर्चासाठी आपापल्या चर्चच्या उत्पन्नात हात घातला होता. पूर्वी हा पैसा पोपच्या संमतीने धर्मयुद्धासाठी घेतला जाई. आता एक ख्रिस्ती राजा दुसऱ्या ख्रिस्ती राजाला मारायला तो घेत होता. पोपची चीड समजण्यासारखी आहे.

फिलिपचं उत्तर फार धूर्त होतं. धर्मशास्त्रावर वाद घालत बसला नाही. ऑगस्ट १२९६मध्ये त्याने फ्रान्सबाहेर सोनं, चांदी, घोडे, हत्यारं न्यायला बंदी केली. झालं, फ्रान्समधून रोमला जाणारा पैसा आटला. एडवर्डने वर्ष संपता संपता चर्चकडे पुन्हा कर मागितला. कँटरबरीचा आर्चबिशप विंचेल्सी नाही म्हणाला, तेव्हा राजाने धर्माधिकाऱ्यांना असलेलं कायद्याचं संरक्षणच काढून घेतलं. म्हणजे कोणी त्यांना वाटेत लुटलं तरी दाद नाही. शेवटी १२९७च्या जुलैत बोनिफेसला माघार घेऊन मान्य करावं लागलं की राज्यावर संकट असेल तर राजा पोपला न विचारता कर घेऊ शकतो, आणि संकट आहे की नाही हे राजाच ठरवेल.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. देवळांना, अग्रहारांना करमुक्त जमिनी यादवही देत, आणि त्या दानपत्रांत पुढच्या राजांनी हे मोडू नये म्हणून विनवण्या आणि शाप कोरलेले असत. शाप कोरावा लागतो म्हणजे मोडणारे होते.

याच वर्षी, १९ मेला, फुमोने नावाच्या गढीत पाचवा सेलेस्टाइन वारला. हा बोनिफेसच्या आधीचा पोप. डोंगरातला तपस्वी, ऐंशीच्या घरातला म्हातारा. कार्डिनलांचं दोन वर्षं एकमत होईना म्हणून त्याला गुहेतून काढून गादीवर बसवलं. पाच महिन्यांत त्याने गादी सोडली, मला परत डोंगरात जाऊ द्या म्हणाला. बोनिफेसने जाऊ दिलं नाही. कोणी त्याला पुढे करून बंड करील म्हणून पकडून गढीत ठेवलं. तिथेच संपला. मला या वर्षातला हा मृत्यू जलालुद्दीनच्या मृत्यूइतकाच लागतो. एकाला भेटीला बोलावून मारलं, दुसऱ्याला नुसतं एकांतात बसायचं होतं तेही मिळालं नाही.

पैठणवाट | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दफ्तरी, सेलेस्टाइनचं वाचून थांबलो. समाधी मागणारा आणि ती न मिळालेला. याहून जास्त आज लिहवत नाही.

दर्यावर्दी | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

मी पूर्वेकडून येतो. अंगकोर, कंबोडिया. जहाजावर नोकरीला होतो तेव्हा दोनदा जाऊन आलोय.

१२९६च्या ऑगस्टमध्ये चीनच्या मंगोल सम्राटाचं शिष्टमंडळ अंगकोरला पोचलं. त्यात झोउ दागुआन नावाचा माणूस होता. जवळजवळ वर्षभर राहिला आणि पाहिलं ते लिहून ठेवलं. आज अंगकोरच्या रोजच्या जगण्याचं जे डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन आपल्याकडे आहे, ते त्याचंच. राजवाडे, बाजारात बसलेल्या बाया, नदीवरची आंघोळ, सगळं.

तिथला राजा नुकताच गादीवर आलेला, तिसरा इंद्रवर्मा. आणि तो कसा आला, ऐका. जुन्या राजाचा तो जावई. झोउने ऐकलेली हकीगत अशी की राजकन्येने बापाची सोन्याची तलवार चोरून नवऱ्याला दिली, ती तलवार म्हणजेच राज्य. सख्ख्या मुलाने फौज जमवायचा घाट घातला तर नव्या राजाने त्याच्या पायाची बोटं तोडून त्याला अंधारकोठडीत टाकलं. पैठणवाट यांचा मजकूर वाचताना मला हेच आठवत होतं. दिल्लीतही जावईच. तिथेही सासऱ्याच्या मुलांना मुलतानहून धरून आणून डोळे काढले.

धर्माचं म्हणाल तर झोउ तीन पंथ सांगतो. एक पंडित, म्हणजे ब्राह्मण. दुसरे डोकं भादरलेले, पिवळी वस्त्रं नेसणारे, दिवसातून एकदाच जेवणारे बौद्ध भिक्षू. तिसरे शिळेची पूजा करणारे, म्हणजे आपल्या भाषेत शिवलिंगाचे उपासक. आधीचा राजा शैवांकडे झुकलेला होता. याच्या काळात राज्य थेरवादी बौद्ध धर्माकडे वळलं आणि आजचा कंबोडिया तोच आहे. देवळं तीच राहिली, आतला देव बदलला.

उत्तर थायलंडमध्ये त्याच वर्षी, १२ एप्रिलला, राजा मंगरायने चिआंग माई वसवलं. आधीची राजधानी पुराच्या पाण्याखाली जायची म्हणून नवी जागा शोधली. जागा पारखायला त्याने आपले दोन मित्र बोलावले, फयाओचा राजा आणि सुखोथायचा रामखम्हैंग. तिघांचे पुतळे तिथल्या चौकात एकत्र उभे आहेत, मी फोटो काढलाय. या सगळ्या वर्षात शेजारच्या राजाला लुटायला नव्हे, तर सल्ला द्यायला बोलावल्याची मला सापडलेली ही एकच गोष्ट.

घाटमाथा | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:००

फ्लॉरेन्सचं प्रसिद्ध कॅथेड्रलही याच वर्षीचं, ८ सप्टेंबर १२९६ला पायाभरणी. घुमट पुरा व्हायला १४३६ उजाडलं. ज्यांनी पाया खणला त्यांच्यापैकी कोणी तो पाहिला नाही.

तिथीवार | १५ नोव्हेंबर, दुपारी २:३५

कैरोही घ्या. १२९३मध्ये सुलतानाच्या खुनात सामील असलेला लाजीन नावाचा सरदार लपत फिरत होता. इब्न तुलूनची जुनी, ओस पडलेली मशीद त्याला आसऱ्याला मिळाली. वाचलो तर हिची डागडुजी करीन असा नवस बोलला. १२९६च्या अखेरीस तो स्वतः सुलतान झाला आणि नवस फेडला. कैरोला गेलेल्यांनी मशिदीच्या अंगणातला घुमट पाहिला असेल, तो त्याच्याच हातचा. नवस बोलणं आणि फेडणं आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

साधा वारकरी | १७ नोव्हेंबर, रात्री ८:१५

आज त्रयोदशी. आळंदीहून आत्ताच आलो, पाय अजून मातीचे आहेत, पण आधी इथे लिहितो.

पहाटेपासून दर्शनबारीत होतो. इंद्रायणीच्या घाटावर धुकं, नदीत उतरलेली माणसं, वाळत घातलेली धोतरं-लुगडी. देवळात वीणामंडपात दाटी एवढी की हात वर केला तो खाली आणता येईना. नामदेवरायांच्या वंशजांचं कीर्तन उभं राहिलं, समाधीचे अभंग लागले. निवृत्तिनाथांनी शिळा लावली तो चरण आला तसा बुवांचा गळा दाटला आणि टाळ आपोआप थांबले. माझ्या पुढे एक म्हातारी होती, नववारीतली, सावरगावकडची. ती पदराने डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "एकवीस वर्साचं लेकरू गं." सातशे वर्षं झाली असं तिच्या आवाजात काही नव्हतं. दुपारी घंटा वाजली, फुलं उधळली, आणि सगळा गाभारा गप्प झाला.

मी त्या वेळी डोळे मिटले तर, पैठणवाटदादा, खरं सांगतो, मला तुमची ती मिठाची गोणी दिसली. आधी राग आला स्वतःचा. मग वाटलं, त्या वर्षी आळंदीला जमलेल्यांत देवगिरीकडून आलेलं कोणी असेलच की. घर लुटलं गेलेलं, माणूस गमावलेलं. तो काय ऐकायला आला असेल? परवा मी गाठ मारू नका म्हटलं होतं. समाधीचं कारण म्हणून नकोच, त्यावर मी ठाम आहे. पण त्या गर्दीतल्या माणसाला मी आता विसरू शकणार नाही.

ओवीताई | १७ नोव्हेंबर, रात्री ९:०२

माऊली, तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

पैठणवाट | १७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

दोनदा वाचलं. भाचीला फोन करून वाचून दाखवलं. तिने विचारलं, मग सोपानदेव आणि मुक्ताई कधी गेले? सोपानदेव त्याच शके १२१८त, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सासवडला. म्हणजे बरोबर एका महिन्याने. मुक्ताई आणि निवृत्तिनाथ पुढच्या वर्षी, १२९७त. सात-आठ महिन्यांत चारही भावंडं.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला मी सासवडला जातोय, भाची पुण्याहून बसेल. कोणी येणार असेल तर कळवा.

तिथीवार | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

मी हडपसरहून येतो. सकाळी आठला कऱ्हेच्या पुलाजवळ थांबेन.